पंडिता रमाबाई : राहून गेलेले वैद्यक आणि केडगाव

कमी ऐकू येणारा रोगी दवाखान्यात आला की तो सांगण्याआधीच मला कळते. मान जरा तिरकी होते, नजर बोलणाऱ्याच्या ओठांवर जाते, आणि न कळलेल्या प्रश्नाला तो हसून 'हो' म्हणतो. चाळीस वर्षे होमिओपॅथीचा व्यवसाय केल्यावर अशा 'हो'चा अर्थ समजू लागतो. आमच्या पद्धतीत तर रोग्याचे बोलणे ऐकून घेणे हेच अर्धे निदान. त्यामुळे एक प्रश्न मला पुष्कळ वर्षे सतावत होता. ज्याला वैद्य व्हायचे आहे त्याचेच कान गेले तर त्याने काय करावे?

हा प्रश्न मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात भेटला. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी रमाबाईंचे नाव ठाऊक असते. 'पंडिता', 'सरस्वती', शारदासदन, केडगाव, आणि मग जरा आवाज खाली आणून 'त्या पुढे ख्रिस्ती झाल्या'. त्या इंग्लंडला मुळात डॉक्टर होण्यासाठी गेल्या होत्या आणि ऐकू येत नसल्यामुळे ते शिक्षण होऊ शकले नाही, ही गोष्ट मात्र चरित्रांतही एखाद्या ओळीत उरकलेली असते. मला ती ओळ मोठी वाटते. मला स्वतःला एमबीबीएसची जागा थोडक्या गुणांनी हुकली आणि मी बीएचएमएस झालो. माझे दुःख त्या मानाने अगदीच किरकोळ, पण ठरवलेले दार बंद झाल्यावर माणूस किती दिवस त्याच दारापाशी घुटमळतो हे मी अनुभवले आहे. म्हणून हा विषय घेतला.

मी जैन आहे. एका जैनाने ख्रिस्ती श्रद्धेविषयी या व्याख्यानमालेत का लिहावे, असे आपणांस वाटेल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईल अशी आशा आहे. नाही आले तर निदान एका थोर बाईची उजळणी झाली असे समजावे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. म्हणजे आजच्या कर्नाटकात. आपण सीमाभागातली माणसे मराठी घरात आणि कानडी मुलखात वाढतो, तशाच त्याही वाढल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्रीमंडळींनी त्यांना जाब विचारला, आणि शास्त्रीबोवांनी शास्त्रार्थ करूनच उत्तर दिले. पुढे त्या माउलीने, लक्ष्मीबाईंनी, पहाटे उठून लेकीला शिकवले. बारा वर्षांच्या वयात रमाबाईंना भागवत मुखोद्गत होते. घर असे राहिले नव्हते. हे कुटुंब तीर्थांतून फिरे, देवळांच्या ओवऱ्यांत पुराण सांगे, आणि श्रोते जे ठेवतील त्यावर गुजराण करी. मिळालेल्यातले पुष्कळसे दानधर्मात जाई.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७४ पासूनची ती वर्षे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहेत. धान्य संपले, पैसे संपले, भांडी आणि कपडे विकून झाले. पुराण सांगणारे घराणे, भीक मागण्याची लाज, आणि मजुरीची सवय नाही. तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला आणि रानटी खजूर यांवर काढले. शेवटी अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. एकेकाला जवळ घेऊन निरोप दिला. सर्वांत धाकट्या रमेला मांडीशी घेऊन, धर्माने वाग आणि देवाचीच सेवा कर, असे सांगितले. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास म्हणाला की मी जात-प्रतिष्ठा सोडून मोलमजुरी करीन, पण तुम्ही हे करू नका. समाधीचा बेत मोडला. पण म्हातारे शरीर थकून गेले होते, थोड्याच दिवसांत ते गेले.

इथे जैन म्हणून थोडे थांबतो. आमच्यात सल्लेखना आहे. आजोबांच्या तोंडून तिच्याविषयी ऐकत मी वाढलो. पण सल्लेखनेची पहिली अट अशी की ती दुःखाला कंटाळून घ्यायची नसते. आयुष्याचे काम पुरे झाल्यावर, गुरूच्या अनुमतीने, मन शांत असताना घ्यायची असते. अनंतशास्त्र्यांपुढे होती ती भूक. भुकेने आलेल्या मरणाला धर्माचे नाव देण्याची वेळ एका सज्जन, विद्वान माणसावर आली, आणि सोळा वर्षांची मुलगी ते पाहत होती. पुढे तिने धर्माला जे जे प्रश्न विचारले त्यांची मुळे मला इथे दिसतात.

वडिलांमागून आई गेली. प्रेत उचलायला माणसे मिळेनात. कशीबशी दोघेजण आली, तिसरा श्रीनिवास, आणि चौथा खांदा द्यायला रमा. तिची उंची कमी, म्हणून तिरडी समतोल राहावी यासाठी तिने आपला भाग डोक्यावर घेतला. स्मशान दूर होते. काही महिन्यांत थोरली बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे हजारो मैल पायी भटकत, उत्तरेकडे, काश्मीरपर्यंत गेली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली.

कलकत्त्याचा भाग आपणांस ठाऊक आहे, म्हणून लवकर सांगतो. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेतली, पदव्या दिल्या, सभा झाल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी. सिल्चरला संसार मांडला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने वारले. चोविसावे वर्ष पुरे होण्याआधी आई, बाप, भाऊ, बहीण, नवरा, सर्व गेले. कडेवर दहा महिन्यांची मुलगी. सिल्चरच्या त्या घरातच, पतीच्या पुस्तकांत, लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती आली होती. पण त्या वेळी ते एक नवे पुस्तक, एवढेच.

पुण्यास आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिले, आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. त्या साक्षीत त्यांनी दोन गोष्टी मागितल्या : स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर. पुरुष डॉक्टरपुढे पडदा सरकवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका त्यांनी देशभर पाहिल्या होत्या. जे मागितले ते आपणच व्हावे, असे त्यांनी ठरवले. पुस्तकाच्या पैशातून भाडे जमवून १८८३ साली त्या मनोरमेला घेऊन बोटीत बसल्या.

इंग्लंडात वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीमंडळात त्या उतरल्या. आणि थोड्याच काळात स्पष्ट झाले की या कानांनी वैद्यक शिकता येणार नाही. ऐकू कमी येतच होते, ते वाढत चालले होते. त्या काळी यंत्रांचा आधार नव्हता. छातीला नळी लावून फुप्फुसाचा आणि हृदयाचा आवाज ऐकणे, बोटांनी ठोकून पोकळ-भरीव ओळखणे, यावरच निदान चाले. ज्याला हे ऐकू येत नाही त्याला तेव्हा डॉक्टर करता येत नव्हते. त्यामुळे कोणी अन्याय केला असेही म्हणता येत नाही. मला वाटते, तेच जास्त कठीण. अन्यायाशी भांडता तरी येते.

याच वर्षी आणखी एक आघात झाला. बरोबर आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिने परदेशात मानसिक क्लेशात आत्महत्या केली. परक्या देशात, बहिऱ्या होत चाललेल्या, हेतू हरवलेल्या आणि सोबतीण गमावलेल्या या बाईने २९ सप्टेंबर १८८३ रोजी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

आपले लोक इथे दोन प्रकारे बोलतात. एक म्हणतात, असहाय अवस्थेचा मिशनऱ्यांनी फायदा घेतला. दुसरे, जे रमाबाईंचे चाहते असतात, ते म्हणतात की धर्मांतर ही दुय्यम बाब, खरी बाई समाजसुधारक. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यांना मी रमाबाई आणि भगिनी जेराल्डीन यांच्यातली पत्रे वाचायला सांगेन. ए. बी. शहा यांनी संपादित केलेली ती पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केली. ज्या भगिनींच्या घरी राहायचे, ज्यांचे अन्न खायचे, त्यांनाच ही बाई बजावते की माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या हाती देणार नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावर वाद घालते, बिशपांचे म्हणणे बिशपांचे आहे म्हणून मान्य करत नाही, आणि मुलीला काय शिकवायचे ते आपण ठरवणार म्हणते. इंग्लंडच्या थंडीतही शाकाहार सोडत नाही. जैन वाचकांना ही शेवटची गोष्ट विशेष वाटेल, मला वाटली. अशा बाईला फसवून कोणी कुठे नेले असेल, हे मानायला मी तयार नाही.

दुसऱ्यांना उत्तर द्यायला फुलमचा प्रसंग सांगावा लागतो. लंडनमध्ये फुलम येथे याच भगिनींचे एक घर होते. समाजाने 'वाया गेलेल्या' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे ठेवत. रमाबाई काही दिवस तिथे राहिल्या. त्या स्त्रिया स्वच्छ नेसून कामे करत होत्या, आणि कुलीन घरांतल्या भगिनी त्यांची शुश्रूषा करत होत्या. शास्त्रे वाचलेल्या या विदुषीने असे कधी पाहिले नव्हते. तिच्या ओळखीच्या धर्मशास्त्रात अशा स्त्रीसाठी शिक्षा होती, पुढची वाट नव्हती. तुम्ही हे का करता, असे तिने विचारले तेव्हा भगिनींनी तिला योहानाच्या शुभवर्तमानातली, विहिरीपाशी येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंनी स्वतः लिहिले आहे की इथे त्यांना ख्रिस्ती धर्म आपल्या धर्माहून कुठे वेगळा आहे ते दिसले. म्हणजे सुधारणा आणि श्रद्धा ही त्यांच्या बाबतीत दोन कपाटे नव्हती. एका घरात राबणाऱ्या स्त्रियांना पाहून श्रद्धा आली, आणि त्या श्रद्धेतून पुढे तशाच स्त्रियांसाठी केडगावला कृपासदन झाले. मधला दुवा काढून टाकला तर पुढचे काम का झाले ते सांगताच येत नाही.

त्यांचे प्रामाणिकपण असे की, १८८३ साली आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनीच नंतर कबूल केले. आठेक वर्षांनी आतून समाधान झाले तेव्हा मिळाला, असे त्या म्हणतात. पाण्याने काम झाले नाही, हे धर्मांतर केलेल्या माणसाने लिहिणे सोपे नाही.

वैद्यक सुटल्यावर त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या, आणि संस्कृत शिकवलेही. १८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्या दूरच्या नात्यातल्या. ११ मार्चच्या पदवीदान समारंभाला रमाबाई मुद्दाम अटलांटिक ओलांडून गेल्या. जे आपल्याला व्हायचे होते ते दुसरी झालेली पाहायला. त्या सभागृहात त्यांना किती ऐकू आले असेल, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. परत जायचे सोडून त्या अमेरिकेत राहिल्या, बालवाडीचे फ्रोबेल-शिक्षण शिकल्या, देशभर व्याख्याने दिली आणि 'हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहिले. बॉस्टनला मंडळ स्थापन झाले, त्याने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे कबूल केले. आणि ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीच्याच तारखेला, मुंबईत शारदासदन उघडले. आनंदीबाई त्याआधी दोन वर्षे क्षयाने वारल्या होत्या. शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्या पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या.

आता जे लिहितो ते काहींना रुचणार नाही. शारदासदन धर्माबाबत तटस्थ राहील, असे वचन होते. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती ती त्या भरवशावर. संस्था पुण्यास आल्यावर रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि मुली येऊन बसत. दार लावा, असे त्यांना सांगितले गेले. त्या म्हणाल्या, कोणीही हिंदू बाई आपल्या घरात पूजा करताना दार लावते का? उत्तर बिनतोड आहे. पण आश्रित मुलींच्या आवडत्या आईचे उघडे दार आणि शेजारणीचे उघडे दार यांत फरक असतो. पालकांना वाटलेली भीती निराधार होती असे मला म्हणवत नाही. १८९३ साली मंडळाने राजीनामा दिला, 'केसरी'ने झोड उठवली, वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. जोतीराव फुल्यांनी तर १८८५ सालीच 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू घेतली होती. ते वेगळ्या अंगाने बोलत होते, आणि तेही खरे होते.

केडगावच्या बाबतीत माझी शंका जास्त गडद होते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक त्यांना आठवली, आणि ती त्यांनी तेव्हाच लिहून काढली. तिरुपतीच्या रानाचा वर वर्णिलेला प्रसंग त्याच सुमाराच्या लिखाणात आहे. भुकेने चामडी हाडाला चिकटलेल्या, आणि बाजारात विकल्या जाण्याच्या बेतात असलेल्या शेकडो मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग होता, शहरात इतक्या मुली ठेवायला सरकार तयार नव्हते, म्हणून केडगावला घेतलेल्या शेतजमिनीत झोपड्या उभ्या राहिल्या. त्याचेच मुक्तिसदन झाले. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी आल्या, संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इथे तटस्थतेचे वचन नव्हते. संस्था उघडपणे ख्रिस्ती होती, आणि आठ-दहा वर्षांच्या अनाथ मुलींपुढे दुसरा पर्याय नव्हता. भाकरी देणाऱ्या हाताचाच देव मुलाला खरा वाटतो. हे मला खटकते, आणि खटकते ते लिहिले पाहिजे.

पण मग मी दुसरा प्रश्न स्वतःलाच विचारतो. त्या दिवशी त्या रेल्वे स्थानकावर आणि त्या गरीबखान्यात आणखी कोण गेले होते? माझी एक चुलत आत्या अकराव्या वर्षी विधवा झाली. तिच्या आयुष्यात श्राविकाश्रम आला तो फार उशिरा. मुंबईला मगनबाईंनी श्राविकाश्रम चालवला तो विसाव्या शतकात. पांजरपोळात लंगड्या गाईला चारा घालणारा आमचा समाज घरातल्या मुंडन केलेल्या पोरीकडे त्याआधी पाहत नव्हता. आत्या हे हसत सांगायची. मला त्या हसण्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

आणि रमाबाई सरकारच्या मांडलिक होत्या असेही नाही. प्लेगच्या वेळी पुण्यातल्या सरकारी इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांची जी दैना झाली, त्यावर त्यांनी १८९७ साली 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिले. त्यांच्याच एका मुलीचा त्यात घात झाला होता. गव्हर्नरांच्या सरकारने ते आरोप नाकारले, विलायतेतल्या पार्लमेंटात प्रश्न निघाला. डॉक्टर होऊ न शकलेली ही बाई इस्पितळात काय चुकते ते सरकारला सांगत होती.

केडगावची व्यवस्था मला डॉक्टर म्हणून फार आवडते. विहिरी खणल्या, कारण आधी पाणी. मग शेती, दूध, तेलघाणी, विणकाम, शिवण, छापखाना. प्रत्येकीला एक हुन्नर. आंधळ्या मुलींसाठी बर्तिमी सदन झाले, आणि मनोरमा ब्रेल शिकून आली व तिने त्या मुलींना वाचायला शिकवले. आई ऐकू न येणारी आणि लेक न दिसणाऱ्यांना शिकवणारी. याच मनोरमेने पुढे गुलबर्ग्याला, निजामाच्या राज्यात, शाळा सुरू केली. हैदराबादकडच्या वाचकांनी तेवढी नोंद घ्यावी.

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे रमाबाईंनी एका कामाला दिली. सामान्य बाईला वाचता येईल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्याचे. आधीची भाषांतरे त्यांना संस्कृतप्रचुर वाटत. ज्या बाईच्या संस्कृतापुढे कलकत्त्याचे पंडित माना डोलवत, तिने मराठीतून संस्कृत शब्द निवडून बाहेर काढावेत! काही ठिकाणी त्यामुळे भाषा खडबडीत झाली आहे, हे मान्य करायला हवे. सवयीचे, देवाधर्माचे शब्द टाळताना त्यांची ओढाताण दिसते. पण त्यासाठी त्या पन्नाशीत हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मला या कामाचा एक अर्थ लागतो, तो चुकीचाही असेल. ज्याला ऐकू येत नाही त्याचे जग अक्षरांचे असते. प्रवचने, सभा, गाणी, मुलींची कुजबुज हळूहळू दूर गेली, आणि समोर पान राहिले. लहानपणी सारे कानाने घेऊन पाठ केलेली ही बाई म्हातारपणी डोळ्याने एकेक शब्द तपासत होती. अक्षरे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, पाने दुमडणाऱ्या सर्व मुक्तीतल्या मुली. त्यांतल्या कित्येकींना दुष्काळातून आणले तेव्हा धड बोलताही येत नव्हते.

१९१९ साली सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. त्या घ्यायला गेल्या नाहीत. १९२१ च्या जुलैत मनोरमा मिरजेच्या मिशन इस्पितळात वारली, चाळिसाव्या वर्षी. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच गेली. माझ्या ओळखीच्या रोग्यांत तरुण मूल गेल्यावर कामावर परत आलेले थोडेच आहेत. रमाबाई मुद्रितांकडे परत आल्या. दहा महिनेही पुरे झाले नाहीत तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्याही गेल्या. शेवटची मुद्रिते त्याआधी थोडेच दिवस तपासून झाली होती, असे केडगावची मंडळी सांगतात. छपाई मुलींनी पुढे चालू ठेवली, आणि पूर्ण ग्रंथ १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला.